‘गोलाई’: एका ठळक अक्षराच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४, लातूर

काम ठरलं. एमआयडीसीतली एक डाळमिल आहे. त्यांना ‘तूर डाळ’ हे दोन शब्द त्यांच्या स्वतःच्या वळणात हवेत. ते तीन ठिकाणी लागणार आहेत: तीस किलोच्या कट्ट्यावर, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटावर आणि मिलच्या पाटीवर. शेटजींनी मागणी अगदी नेमकी सांगितली. “ताई, आमचा कट्टा आडतीत थप्पीला पडलेला असतो. रस्त्याच्या पल्याडून मार्का कळला पाहिजे. अन् पाकीट मुंबईच्या काचेच्या दुकानात ठेवलं तरी भारी दिसावं.”

दांडगं हवं आणि नाजूकही हवं. एकाच अक्षरात या दोन्ही गोष्टी मागितल्या की माझ्या डोळ्यांसमोर एकच जात येते: खूप जाड आणि खूप बारीक रेघांची, ठळक, सेरिफवाली (रेघेच्या टोकाला छोटी आडवी पट्टी असलेली). पण ती लॅटिनमधली, म्हणजे इंग्रजीच्या लिपीतली. देवनागरीत तिचं काय होतं, ते या कामात बघायचं आहे.

मी दोन शब्दांऐवजी पूर्ण फॉन्टच करते म्हणाले. आज तूर, उद्या हरभरा, मग उडीद, मूग, मसूर. दर वेळी नवे शब्द काढत बसण्यापेक्षा एकदाच सगळी वर्णमाला काढावी. शेटजी तयार झाले. नवी तूर जानेवारीत बाजारात येते, त्याआधी कट्टे छापून हवेत.

९ जुलै

मूळ जात नीट समजून घेत होते.

अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये दिदो हे मुद्रकांचं घराणं आणि इटलीतल्या पार्मात बोदोनी हा मुद्रक, यांनी उभी रेघ जाड आणि आडवी रेघ केसासारखी करत नेली. त्याआधी बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिल या मुद्रकाने गुळगुळीत, दाबलेला कागद आणि चांगली काळी शाई वापरायला सुरुवात केली होती. खरबरीत कागदावर केसाएवढी रेघ उठतच नाही. म्हणजे या नाजूकपणाचं निम्मं श्रेय कागदाला जातं. मला हे लक्षात ठेवायला हवं, कारण माझा ‘कागद’ म्हणजे विणलेला कट्टा आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये हेच अक्षर फुगवून अतिठळक केलं गेलं. याचं श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न या छपाईचे खिळे पाडणाऱ्याला देतात. लॉटरीच्या जाहिराती भिंतीवर लागायच्या आणि शेजारच्या दहा जाहिरातींतून आपली उठून दिसायला हवी असायची. आडतीतल्या थप्पीचाच प्रश्न. पुढे अमेरिकेत १९२८ साली अल्ट्रा बोदोनी आणि १९२९ साली पोस्टर बोदोनी आलं. आजही फॅशनच्या मासिकांची नावं याच कुळातल्या अक्षरांत असतात. भिंतीवरची लॉटरी आणि चकचकीत मासिक, दोन्हीकडे हे अक्षर चाललं. शेटजींच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, असं मला वाटतं ते यामुळेच.

देवनागरीतही प्रयत्न झालेले आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ याच जातीचा आहे, लॅटिन आणि देवनागरी दोन्ही त्यात आहेत. तो कुणालाही फुकट वापरता येतो, मग नवा कशाला, असं शेटजींच्या मुलाने विचारलं. रास्त प्रश्न. मी म्हणाले, कट्ट्याच्या विणीवर काय टिकतं हे धरून मला अक्षर काढायचंय, आणि मराठी वळण पहिल्यापासून मध्यभागी ठेवायचंय.

२१ जुलै

पहिला आराखडा तयार. अक्षराच्या साच्याचे हजार भाग धरायचे, एक भाग म्हणजे एक युनिट. काना १९० युनिट, बारीक रेघ १८, शिरोरेषाही १८. सरळ बोदोनीचा नियम लावला: उभं ते जाड, आडवं ते बारीक.

एकेक अक्षर सुटं पाहिलं तर देखणं आहे. ‘ड’चं पोट छान भरलंय. ‘त’ची गाठ टपोरी थेंबासारखी केली आहे, लॅटिनमध्ये सी, एफ, आर यांच्या टोकांना जो गोळा असतो त्याची आठवण येते. पण शब्द जुळवला आणि सगळं सुटं झालं. ‘तूर डाळ’ वाचताना डोळा त, मग र, मग ड असा ठेचकाळतो. शिरोरेषा आहे, पण ती काही धरून ठेवत नाही.

सेरिफचाही प्रयोग केला. कान्याच्या पायाशी आडवी बारीक पट्टी लावून पाहिली. काढून टाकली. एक तर काना उलट्या टीसारखा दिसतो, आणि दुसरं म्हणजे ती जागा उकारांची आहे. ‘तू’ आणि ‘तु’ तिथेच राहतात. त्यांच्या दारात पट्टी आडवी घालायला नको. कान्याचा पाय सरळ कापलेला ठेवला. देवनागरीला सेरिफ लागत नाही. तिचं टोक कसं कापलंय, गाठ कशी वळलीय, यातच तो गुण येतो.

२४ जुलै

शिरोरेषा ४० केली. शब्द अजून सुटाच. ९० केली, तर अख्ख्या ओळीवर तुळई ठेवल्यासारखी वाटते आणि खालची नाजूक रेघ मरते. मधला आकडा अंदाजाने निवडायचा नाही, असं ठरवलं. कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

गंजगोलाईत गेले. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिच्यापासून फुटलेले सोळा रस्ते. १९१७ सालची ही बाजारपेठ. लहानपणी बाबांचं बोट धरून मी इथल्या पाट्या वाचत फिरायचे, माझं अर्धं वाचन इथेच झालं. आता बहुतेक पाट्या फ्लेक्सच्या आहेत, पण एका बोळात अजून हाताने रंगवणारे एक पेंटरमामा बसतात. वय सत्तरीच्या पुढचं. छापलेला आराखडा त्यांच्यापुढे ठेवला.

मामांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला. “शिरोरेषा एवढी बारीक कामून केलीस गं पोरी? धुणं वाळत घातल्यावानी दिसायलंय. वारं आलं की तार तुटंल.”

दोन आठवडे मी ज्याच्याशी झगडत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. अक्षरं शिरोरेषेला लटकलेली दिसत होती.

मग त्यांनी चपटा ब्रश घेतला, जुन्या पत्र्यावर सुताने दोन रेघा मारल्या आणि ‘ठ’ काढला. हात सावकाश चालतो, पण कुठेच अडखळत नाही. मी ब्रशचा कोन बघत होते. तो सरळ आडवा नव्हता, किंचित कलता होता. त्यामुळे ‘ठ’च्या गोलात जाडी डाव्या अंगाला मधोमध आली नाही, थोडी वर सरकली, उजवीकडे थोडी खाली. आणि त्याच कोनातून शिरोरेषा ओढली तेव्हा ती आपोआप मध्यम जाडीची झाली. कुणी मोजलं नव्हतं.

निघताना म्हणाले, “काळं भरायची घाई करू नको. पोटातलं पांढरं आधी बग.” आणि एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. त्यांचे उस्ताद आधी उर्दू पाट्या लिहायचे, मराठी नंतर. “उर्दूचा कलम येगळा. तिथं आडवं जाड, उभं बारीक. उस्तादांचा मराठी काना म्हणून बारीक यायचा, अन् शिरोरेषा ही अशी दणकट.”

११ ऑगस्ट

आठवडाभर बोरू कापून बसले आहे. आता कारण सापडलं, ते नीट लिहून ठेवते.

दिदो-बोदोनीची जाडी टोकदार निबाच्या दाबातून येते: खाली येताना दाबलं की निब फाकते, आडवं जाताना दाब नसतो. बोरू दाबावर चालत नाही, कोनावर चालतो. त्याचं टोक तिरकं कापलेलं असतं. देवनागरीत उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी रेघ जाड पडते आणि डावीकडून वरून उजवीकडे उतरणारी बारीक. इंग्रजी लिहिणाऱ्या चपट्या निबेचं याच्या बरोबर उलटं. मी दाबाचा नियम कोनाच्या लिपीवर लादत होते.

आता हिशोब. बोरू ४५ अंशांत धरला तर काना आणि शिरोरेषा सारख्याच जाड. शून्य अंशात, म्हणजे धार पूर्ण आडवी धरली, तर काना पूर्ण जाड आणि शिरोरेषा केसासारखी. तोच माझा पहिला आराखडा. मामांचा ब्रश मला साधारण २० अंशांचा वाटला. २० अंशांत आडवी रेघ उभीच्या ०.३६ पट येते. काना १९० असेल तर शिरोरेषा ६९.

सत्तर. चाळीस आणि नव्वदच्या मध्ये मी जो आकडा अंदाजाने निवडणार नव्हते, तो कोनातून निघाला. आणि आता तोच कोन प्रत्येक अक्षराला लावता येतो: ‘ठ’, ‘ढ’, ‘व’ यांच्या पोटात जाडी डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. फक्त अगदी बारीक जोडरेघा १८वर ठेवल्या आहेत.

संध्याकाळी सत्तरची शिरोरेषा लावून ‘तूर डाळ’ पुन्हा छापलं. शब्द एकत्र आला. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

२ सप्टेंबर, पोळा

दोन दिवस धो धो पाऊस. वीज जातेय, येतेय. लॅपटॉप बंद करून कागदावर मात्रा आणि वेलांट्या काढल्या. वेलांटीचा वरचा घुमट जाड ठेवला तर तिचं वजन शिरोरेषेवर बसतं. शेंडा बारीक आणि कान्याकडे उतरताना जाड, असंच बरं दिसतं.

नाव सुचलं: ‘गोलाई’. जागेचंही आणि अक्षराच्या पोटांचंही.

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

सकाळी झेंडावंदन, दुपारपासून विसर्जनाचे ढोल. काम फार झालं नाही, पण मामांकडे जाऊन आले. त्यांनी एका ओळखीच्यांच्या माडीवर नेलं. तिथे उस्तादांनी रंगवलेली एक जुनी लाकडी पाटी आहे, वर उर्दू आणि खाली मराठी. १९४८पर्यंत इथे निजामाचं राज्य, दरबाराची भाषा उर्दू. त्या काळचं वळण हातात घेऊन उस्ताद पुढची कितीतरी वर्षं पाट्या लिहीत राहिले.

रंगाचे पोपडे निघालेत, तरी अक्षरं स्पष्ट आहेत. उर्दू नस्तालिक वळणात: आडव्या लपेटी जाड, उभं अलिफ सडपातळ. खालच्या मराठीत काना खरोखर बारीक आणि शिरोरेषा दांडगी. लंडनच्या अतिठळक अक्षराच्या अगदी दुसऱ्या टोकाला ही पाटी आहे. आपली देवनागरी या दोन्हींच्या मधोमध, तिरकी उभी आहे. मला ही पाटी आधी दिसली असती तर कदाचित मी याच दिशेने गेले असते. ते अक्षर कधीतरी वेगळं करायचं आहे, आडव्या जाडीचं. फोटो घेतले, मोजमापं घेतली.

६ ऑक्टोबर

जोडाक्षरांचा आठवडा. ठळक अक्षरात जोडाक्षर म्हणजे एका खोलीत चार माणसं. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ह्म’, ‘श्र’. ‘महाराष्ट्र’ लिहिता आलं नाही तर फॉन्ट मराठी माणसाच्या कामाचा नाही, म्हणून ‘ष्ट्र’पासून सुरुवात केली. ‘ट’ खाली उतरवून काना १९०वरून १५० केला आणि ‘र’ची टोपी लांबवली. जाडी कमी केलेली कळत नाही, कारण आतलं पांढरं बाकीच्या अक्षरांएवढंच राहिलं. मामांचं वाक्य पुन्हा पुन्हा कामी येतंय.

‘ल’ आणि ‘श’ यांचा प्रश्न मी आग्रहाने सोडवला. आपला ‘ल’ पाकळीयुक्त, आपला ‘श’ देठयुक्त. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी रूप आधी असतं आणि मराठी रूप भाषेची खूण लावली तरच उमटतं. फ्लेक्सवाल्याच्या किंवा छपाईवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती खूण कोण लावणार? ‘लातूर’ या शब्दाचं पहिलंच अक्षर चुकीचं उमटायला नको. म्हणून ‘गोलाई’त मराठी ‘ल’, ‘श’ आणि मराठी ५, ८, ९ हेच मूळ, आणि हिंदी रूपं पर्यायी. उलट का नसावं याचं पटणारं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि अर्धा ‘र’. कट्ट्यावरची दुसरी ओळ आहे ‘शेतकऱ्यांच्या शिवारातून’. तो ‘ऱ्या’ नीट उठायलाच हवा. दर्या आणि दऱ्या यांत जो फरक आहे तो त्या छोट्या आडव्या लपेटीत आहे. पहिल्या आराखड्यात ती लपेट आडवी म्हणून केसासारखी झाली होती, लांबून ‘शेतक यांच्या’ दिसायचं. वीस अंशांचा कोन लावल्यावर तिचं पोट सत्तरचं झालं. ज्यांची डाळ आहे त्यांचंच नाव तुटत होतं, ते आता जुळलं.

२२ ऑक्टोबर

कट्ट्याचा पहिला छाप आला. वाईट.

मोठा शब्द झकास आहे. तिथे अक्षराचा साचा दीडशे मिलिमीटरचा, म्हणजे बारीक रेघसुद्धा २.७ मिलिमीटर पडते. पण दुसऱ्या ओळीचा साचा ३० मिलिमीटर. तिथे तीच रेघ जेमतेम अर्धा मिलिमीटर. कट्टा म्हणजे प्लास्टिकच्या अडीचेक मिलिमीटरच्या पट्ट्या आडव्याउभ्या विणलेल्या. अर्ध्या मिलिमीटरची रेघ दोन पट्ट्यांच्या खाचेत पडली की गायब, आणि उठावावर पडली की शाई पसरून दुप्पट. ‘शिवारातून’मधला ‘श’ दोन तुकड्यांत उभा आहे.

छापणाऱ्यांनी आधी न विचारता सगळी ओळ संगणकात जाड करून पाहिली होती. तो नमुनाही पाठवला. त्यात पोटं बुजली, ‘ळ’चे दोन्ही गोल काळे ठिपके झाले. मला राग आला खरा, पण त्यातून एक गोष्ट कळली: कडा सगळीकडून सारख्या फुगवल्या की बारीक रेघेबरोबर जाड रेघही फुगते आणि पांढरं संपतं. हवंय उलटं. बारीक वाढवायचं आणि जाड थोडं कमी करायचं.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठवली. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा संतकवी, त्याने आपलं ‘पंचीकरण’ भल्यामोठ्या खादीच्या कापडावर लिहिलं. कापड शाई पितं, वीण रेघ अडवते, तरी माणूस लिहीत गेला. माझ्याकडे तिचा फक्त फोटो आहे. तो टेबलासमोर लावला.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर सलग आठ दिवस बसून दुसरं वळण काढलं: ‘गोलाई कट्टा’. काना १७६, बारीक रेघ ४०, शिरोरेषा ८४. गाठी थोड्या उघडल्या, ‘ळ’चे गोल रुंद केले, ‘ऱ्या’ची लपेट लांब केली. अक्षरांमधली जागाही वाढवली. साचा ३०वरून ४५ मिलिमीटर करायला शेटजी तयार झाले, त्यामुळे बारीक रेघ आता १.८ मिलिमीटर पडेल.

शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर ‘गोलाई कट्टा’ थोडं राबलेलं, रुंद हाडाचं दिसतं आणि मूळ ‘गोलाई’ ठेवणीतलं. पण भावंडं ओळखू येतात.

२८ नोव्हेंबर

पाकिटाचा नमुना आला. चकचकीत फिल्मवर हे अक्षर काय खुलतं! लाल जमिनीवर पांढरं ‘तूर डाळ’. एक अडचण: पांढरं अक्षर म्हणजे शाई भोवतीने येते आणि बारीक रेघ दोन्ही बाजूंनी खाते. १८ची रेघ तिथे १२ची वाटते. शिवाय छपाईच्या सिलिंडरवरच्या खळग्यांमुळे कडा भिंगातून करवतीसारख्या दिसतात. पांढऱ्या वापरासाठी बारीक रेघ २६ केली. मागच्या बाजूचा वजन, किंमत, पत्ता हा मजकूर या फॉन्टमध्ये लावायचा नाही, हे लेखी दिलं. तिथे साधं, एकसारख्या रेघेचं अक्षर हवं.

लॅटिन मोठी अक्षरं आणि आकडे दोन दिवसांत आटोपले. त्यांचा कोन मुद्दाम सरळ ठेवला. देवनागरीचा कल त्यांच्यावर लादला नाही, फक्त काळेपणा जुळवला.

१५ डिसेंबर

फॉन्ट दोन-तीन ओळखीच्यांना वापरायला दिला. एका तालुक्याच्या वाचनालयाने व्याख्यानमालेच्या भित्तिपत्रकावर ‘व्याख्यानमाला’ एवढाच शब्द घेतला आणि भोवती भरपूर मोकळी जागा सोडली. अप्रतिम. दुसऱ्याने लग्नपत्रिका आख्खी यात लावली, अगदी आमंत्रणाच्या मजकुरासकट. वाचवत नाही. तिसऱ्याने श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर घेतला. ‘द्धां’ सुंदर बसलं, पण अक्षराचा थाट दुःखाला शोभत नाही असं मला वाटलं आणि मी तसं सांगितलं.

वापराच्या पानावर लिहिलं: एक ते चार शब्द. साचा ३६ पॉइंटच्या खाली नको. दोन ओळी असतील तर त्यांत उकार-वेलांटीला श्वास घेण्याइतकी जागा.

३० डिसेंबर, येळवस (वेळा अमावास्या)

शहर रिकामं, सगळे शेतात. आम्हीही मामेभावाच्या रानात गेलो. भज्जी, उंडे, आंबील. कडेला तूर वाळत उभी होती, शेंगा हलल्या की खुळखुळ वाजायची. भावाला फोनवर कट्ट्याचा नमुना दाखवला. त्याने ‘शेतकऱ्यांच्या शिवारातून’ मोठ्याने वाचलं, न अडखळता. मग म्हणाला, “आन् भाव कुठं लिहिलाय?”

९ जानेवारी २०२५

सौदा निघायच्या आधी आडत बाजारात गेले. नवे कट्टे काल रात्री उतरले होते. धुकं होतं. रस्त्याच्या या बाजूने थप्पी पाहिली: काही कट्टे उलटे, काही आडवे, काहींची घडी अक्षरावर पडलेली. तरी ‘तूर डाळ’ वाचता येत होतं, उलट्या कट्ट्यावरसुद्धा. एक हमालदादा पाठीवर कट्टा घेऊन माझ्या पुढून गेले, तेव्हा दुसरी ओळ जवळून दिसली. ‘ऱ्या’ची लपेट शाबूत आहे.

वीस कट्टे तपासले. ‘तू’चा दीर्घ उकार सहा कट्ट्यांवर खालच्या लाल पट्टीला टेकलाय. छपाई सरकली हे खरं, पण उकार मुळातच दहा युनिट जास्त खाली आहे. पुढच्या आवृत्तीत वर घ्यायचा. ‘तु’, ‘कू’, ‘डू’, ‘ळू’ही त्याच मापाचे आहेत, तेही बघायचे. दुपारी मामांकडे एक रिकामा कट्टा घेऊन जायचंय.